स्वयंसेवी ज्ञानसंग्रहातील परीक्षण आणि लेखक : डहाणू-तलासरीच्या ग्रामनोंदींच्या निमित्ताने

मराठी विकिपीडिया हा मुक्त ज्ञानकोश १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्याच्या लेखकांना वेतन नसते आणि त्यांची कोणी नियुक्तीही करीत नाही. त्यांचा मजकूर तपासणारेही त्यांच्यासारखेच स्वयंसेवक असतात. १९२०च्या दशकातील डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशात लेख आधी संपादकाच्या नजरेखालून जाई आणि मग छापला जाई. येथे तो आधी प्रसिद्ध होतो व परीक्षण मागाहून होते. संपादकाची नापसंती पूर्वी खाजगी पत्रात राहत असे. आता ती चारचौघांत उमटते. गुणवत्तेचा प्रश्न आणि लेखकाशी वागण्याचा प्रश्न हे दोन्ही या क्रमबदलामुळे एकमेकांत गुंतले आहेत.

पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या तालुक्यांतील गावांच्या नोंदी या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत. यांपैकी पुष्कळ नोंदी २०११च्या जनगणनेवर आधारलेल्या आहेत : गावाचे स्थान, कुटुंबसंख्या, स्त्री-पुरुषांची संख्या, आसपासची गावे. प्रत्येक आकडा पडताळता येतो, हा त्यांचा निर्विवाद गुण होय. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन झाल्यावर जुन्या नोंदींतील जिल्ह्याचे नाव बदलणे प्राप्त झाले, तेही काम कोणाही दक्ष स्वयंसेवकास पुण्यात बसून करता येण्याजोगे होते. तथापि या साच्यात एका गावाच्या जागी दुसऱ्याचे नाव घातले तरी वाचकास फारसा फरक जाणवत नाही.

तलासरी तालुक्यातील झरी हे गाव घ्या. वेठ व लग्नगडी यांविरुद्ध आदिवासींची १९४५च्या मे महिन्यातील परिषद येथे भरली; शामराव व गोदावरी परुळेकर यांनी किसान सभेतर्फे चालविलेल्या लढ्यातील ती महत्त्वाची घटना होय. जनगणनेच्या तक्त्यात तिला स्थान असणे शक्य नाही. सुदैवाने गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० साली निघाले असल्याने या लढ्याविषयी लिहिणाऱ्याला छापील आधार देता येतो.

अडचण येते ती निराळ्या प्रकारच्या माहितीची. जनगणना महसुली गाव मोजते. माणसे मात्र पाड्यांत राहतात. पाड्याचे नाव कशावरून पडले, लग्नात चौक लिहून झाल्यावर धवलेरी कोणत्या देवतांना क्रमाने बोलावते, हे तेथील तरुणास घरात ऐकून ठाऊक असते. तो ते लिहितो, ‘संदर्भ नाही’ म्हणून परीक्षक ते काढून टाकतो, आणि नियमाच्या अक्षराप्रमाणे परीक्षक बरोबर असतो. मग साच्यातली नोंद टिकते आणि जाणकाराची जाते! यास गुणवत्ता म्हणणे मला जड जाते.

इंग्रजी विकिपीडियावरील सक्रिय लेखकांची संख्या २००७ नंतर घटू लागली. ॲरन हाफेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की सद्धेतूने येणाऱ्या नवागतांचे प्रमाण फारसे घटले नव्हते. मात्र नासधूस रोखण्यासाठी उभारलेली यांत्रिक साधने व वाढलेले नियम यांमुळे तेही परतवले जात होते, आणि ज्यांचे पहिलेच लेखन नाकारले गेले ते टिकत नव्हते.

येथे एका विषमतेकडे लक्ष वेधले पाहिजे. या कोशात प्रत्येक पानाचा इतिहास जपला जातो. चुकीचे वाक्य उद्याही काढता येते आणि चुकून काढलेले परत आणता येते. दुखावून गेलेला लेखक तसा परत आणता येत नाही. अर्थात उचललेला मजकूर, बदनामी किंवा उघड जाहिरात यांना सवलत नको. मोजके परीक्षक आणि साचत जाणारे काम हेही खरेच आहे. परंतु केवळ संदर्भ नसलेल्या निरुपद्रवी वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ अशी खूण करून लेखकास चर्चापानावर दोन ओळी लिहिणे, यास फार वेळ लागत नाही.

मौखिक आधाराचा प्रयोगही झाला आहे. २०११ साली अचल प्रभाला यांच्या पुढाकाराने हिंदी, मल्याळम व दक्षिण आफ्रिकेतील सेपेडी या भाषांत जाणकारांची ध्वनिमुद्रणे हाच संदर्भ मानून लेख लिहिले गेले. त्यावर आक्षेप आले, आणि ते सर्वस्वी गैर नव्हते : एका वृद्धाचे सांगणे म्हणजे साऱ्या जमातीचे मत नव्हे. परंतु ध्वनिमुद्रणास स्थळ, दिनांक व सांगणाऱ्याची संमती जोडली, तर दुसऱ्या अभ्यासकास ते तपासता येते, आणि पडताळणीचा हेतू तोच आहे.

पाड्यांच्या बाबतीत तर इतके दूर जाण्याचेही कारण नाही. मतदारयादीत यादीभागाच्या अनुभागांना बहुधा पाड्यांचीच नावे दिलेली असतात, आणि ती यादी सार्वजनिक असते. नावाची व्युत्पत्ती तिच्यातून मिळणार नाही. पाडा आहे एवढे मात्र सिद्ध होते. वाक्य काढून टाकणाऱ्या परीक्षकाने नवागतास ही एक वाट दाखविली असती, तर नोंदीत निदान पाड्यांची नावे राहिली असती.