डोक्यावरचा पत्रा

परदेशी स्थायिक झालेली मुलं सुट्टीला डोंबिवलीत आली की जुन्या घराच्या भिंतींकडे जरा संशयाने पाहतात. गिलाव्यात ॲस्बेस्टॉस तर नसेल? शंका त्यांच्या तिकडच्या अनुभवातून आलेली असते. अमेरिकेत भिंतीच्या भेगा बुजवायच्या लांबीत ॲस्बेस्टॉस मिसळत. १९७७ साली त्यावर बंदी आली. इंग्लंडमध्ये छतांच्या नक्षीदार लेपातही ते असे. ठाणे-कल्याणकडच्या जुन्या चाळींचा गिलावा मात्र चुना-वाळूचा, नंतर सिमेंट-वाळूचा. त्यात ॲस्बेस्टॉस सहसा सापडायचं नाही. आपल्याकडे ते डोक्यावर आहे.

चाळीच्या वरच्या मजल्यावरचा, गॅलरीच्या पडवीवरचा, ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या शेडवरचा तो करडा नागमोडी सिमेंटचा पत्रा. पावसाळे खाऊन काळवंडलेला, शेवाळलेला. तुटक्या कडेशी नीट पाहिलं तर सिमेंटमधून बाहेर आलेले तंतूंचे पांढरट पुंजके दिसतात. जुन्या इमारतींच्या डक्टमधले संडासाचे पाइप, पावसाच्या पाण्याचे पाइप, गच्चीवरच्या काही टाक्याही याच मालाच्या असत.

हा माल निघाला ऑस्ट्रियात, विसाव्या शतकाच्या तोंडावर. लुडविग हाचेक यांनी तो शोधला. बहुतांश सिमेंट आणि साधारण दहावा हिस्सा ॲस्बेस्टॉस. गंजत नाही, जळत नाही, स्वस्त पडतो. लोखंडी पत्र्याची चार-पाच पावसाळ्यांत चाळण होते, त्या भागात लोकांनी हा पत्रा निवडला यात नवल नाही.

पत्रा शाबूत असेपर्यंत तंतू सिमेंटात अडकून राहतात. तो फोडला, ग्राइंडरने कापला, भोक पाडलं, तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडलं की ते हवेत येतात. डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक तंतू श्वासावाटे फुप्फुसात खोल जाऊन बसतात. त्यातून ॲस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग होऊ शकतो. आजार बाहेर पडायला वीस-वीस, चाळीस-चाळीस वर्षं लागतात. तोवर कुठल्या साइटवर कोणती धूळ खाल्ली, हे कोणाच्या लक्षात राहणार? पत्र्यात वापरतात ते पांढरं ॲस्बेस्टॉस निरुपद्रवी, असं अजूनही सांगितलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था मात्र ॲस्बेस्टॉसचे सगळेच प्रकार कर्करोगकारक मानते.

ठाण्याहून लोकलने जाता येणाऱ्या घाटकोपरला हिंदुस्तान फेरोडोचा कारखाना होता. ॲस्बेस्टॉसचं कापड आणि ब्रेक लायनिंग बनवणारी ही कंपनी ब्रिटनच्या टर्नर अँड न्यूऑलची होती. त्याच ब्रिटिश घराण्याच्या रॉचडेलच्या गिरणीतली नेली कर्शॉ ही कामगार १९२४ साली वारली. ॲस्बेस्टॉसिसची वैद्यकीय नोंद झालेली ती पहिली रुग्ण मानली जाते. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी आदेश दिला, की ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यांत जी मुदत उशिरा संपेल तोवर जपाव्यात.

मला टोचतं ते इथेच. कारखान्यातल्या कामगारासाठी निदान कागदावर नोंद आहे. डोंबिवलीची जुनी चाळ पाडायला आलेल्या बिगाऱ्याची नोंद कोण ठेवतो? मुकादम बदलतो, साइट बदलते, तो गावी परततो. तोंडाला बांधलेला रुमाल हे तंतू अडवत नाही. ठाण्यात किसननगरसारख्या ठिकाणी सामूहिक पुनर्विकासाची क्लस्टर योजना, कल्याण-डोंबिवलीत गल्लोगल्ली पुनर्विकास. एवढं पाडकाम असताना पत्रे हातोड्याने फोडून राडारोड्यात मिसळू देणं हा निव्वळ निष्काळजीपणा आहे.

आपल्या घरावरचा पत्रा धड असेल तर उगाच काढू नका, घासूही नका. पावसाळ्यापूर्वी ताडपत्री टाकायला त्यावर चढणंही धोक्याचं. जुना पत्रा माणसाच्या वजनाने फुटतो आणि माणूस थेट खाली येतो. काढायचाच असेल तर आधी पाण्याने भिजवावा, जे-बोल्ट सोडवून अख्खा उतरवावा, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावा. खाली पडलेला भुगा झाडूने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावा. काम करणाऱ्याला तंतू गाळणारा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क द्यावा, आणि त्याने अंगावरचे कपडे तसेच घरी नेऊन मुलाबाळांच्या कपड्यांत धुऊ नयेत.

सोसायटीचा पुनर्विकासाचा करार होताना कार्पेट एरिया, भाडं, पार्किंग यांवर रात्र-रात्र चर्चा होते. पत्रे आणि जुने पाइप कोण उतरवणार, कसे, आणि कुठे नेणार, हे तीन प्रश्न त्याच बैठकीत बिल्डरला विचारावेत आणि उत्तरं करारात लिहून घ्यावीत.