डेटाफ्लो संगणकरचना आणि ‘परम ८०००’ : समांतर संगणनातील क्रमाचा प्रश्न

प्रस्तावना :
संगणनाचा वेग वाढविण्यासाठी अनेक प्रोसेसर एकत्र जोडावेत, ही कल्पना सोपी वाटते. परंतु कोणते काम कोणत्या कामाच्या अगोदर झाले पाहिजे, हे कोणी ठरवायचे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाला डेटाफ्लो रचनेने दिलेले उत्तर आणि पुण्यात तयार झालेल्या ‘परम ८०००’ या महासंगणकाने स्वीकारलेला मार्ग यांचा विचार केला आहे. परम हा डेटाफ्लो संगणक नव्हता, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. तुलना उद्बोधक ठरते ती त्यामुळेच.

डेटाफ्लो रचना :
परंपरागत संगणकात प्रोग्राम काउंटर पुढची आज्ञा दाखवितो व आज्ञा एकामागून एक पार पडतात. (अ + ब) × (क − ड) या राशीत बेरीज व वजाबाकी यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. तरीही त्यांना रांगेत उभे राहावे लागते. डेटाफ्लो रचनेत प्रोग्राम काउंटरच नसतो. आज्ञावली म्हणजे एक आलेख असतो आणि त्यातील प्रत्येक क्रिया, तिला लागणारी सर्व मूल्ये पोहोचताच सुरू होते. येथे बेरीज व वजाबाकी एकाच वेळी होतील; गुणाकार दोन्ही उत्तरांची वाट पाहील. क्रम वेगळा लिहून द्यावा लागत नाही, तो आलेखातच असतो.

एमआयटीतील जॅक डेनिस यांनी १९७० च्या दशकात ही रचना मांडली. मँचेस्टर विद्यापीठाचे डेटाफ्लो यंत्र १९८१ मध्ये कार्यान्वित झाले. आयआयटी कानपूरचे माजी विद्यार्थी प्रा. अरविंद (निधन २०२४) यांनी प्रत्येक मूल्यास ओळखखूण जोडण्याच्या पद्धतीवर मूलभूत काम केले. अडचण आली ती याच खुणांची. कोट्यवधी मूल्यांतून योग्य जोड्या शोधण्याचा खर्च मूळ गणितापेक्षा जड होऊ लागला. शिवाय एकदा दिलेले मूल्य बदलायचे नाही, या नियमामुळे मोठ्या सारण्या हाताळणे अवघड झाले.

परम ८००० :
१९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० सिद्ध केला. त्यात इनमॉस कंपनीचे टी-८०० ट्रान्सप्युटर होते. प्रत्येकाची स्मृती स्वतंत्र. शेजाऱ्यांशी संवाद चार दुव्यांमधून. संदेशाची वाट पाहणारी प्रक्रिया ट्रान्सप्युटर बाजूस ठेवतो व दुसरी हाती घेतो. म्हणजे डेटा आल्यावरच काम, हे तत्त्व येथेही आहे. मात्र ते एकेका क्रियेला नव्हे, तर संपूर्ण प्रक्रियेला लागू होते. त्यामुळे जोड्या शोधण्याचा खर्च वाचला, पण कामाची विभागणी प्रोग्रामरच्या माथी आली. दोन प्रक्रिया परस्परांच्या संदेशाची वाट पाहत राहिल्या, तर सारे गणित थिजते. माझ्या मते तत्कालीन परिस्थितीत हा सौदा योग्यच होता : बाजारात मिळणारे प्रोसेसर घेऊन यंत्र तीन वर्षांत उभे राहिले.

सद्यःस्थिती :
अध्यापनात डेटाफ्लो हे इतिहासजमा प्रकरण म्हणून उरकले जाते. ते न्याय्य नाही. रॉबर्ट टोमासुलो यांनी १९६७ मध्ये आयबीएम ३६०/९१ साठी वर्णिलेल्या पद्धतीत आज्ञा आपल्या मूल्यांची वाट पाहत थांबते व ती मिळताच पार पडते. आपल्या प्रयोगशाळेतील साध्या संगणकाचा प्रोसेसरही आज बहुधा असेच करतो, फक्त काहीशे आज्ञांच्या मर्यादेत. त्यापलीकडे, २०१९ मध्ये पुण्याच्या आयसरमध्ये बसविलेल्या ‘परम ब्रह्म’सारख्या यंत्रावरही, संदेश कोणी, कोणाला व केव्हा पाठवायचा हे बव्हंशी प्रोग्रामरलाच लिहावे लागते.