गुळाची चव

‘गाढवाला गुळाची चव काय’ अशी आपल्याकडे म्हण आहे. गाणे ऐकून जो डुलत नाही, चित्र पाहून जो जांभई देतो, त्याच्याविषयी ती सर्रास वापरली जाते. तिच्या पोटात एक सिद्धान्त दडलेला आहे : रसिकता ही जन्मजात देणगी असून ती काहींना लाभते, इतरांना लाभत नाही. हा सिद्धान्त कितपत खरा?

फ्रान्सचे समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्द्यू (१९३०–२००२) यांनी हा प्रश्न लोकांनाच विचारून तपासला. ते स्वतः खेड्यातील, टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या गृहस्थांचे चिरंजीव. १९६३ व १९६७-६८ या साली त्यांनी १,२१७ माणसांची पाहणी केली. कोणते संगीत आवडते, कशाचे छायाचित्र सुंदर होईल, असे ते प्रश्न होते. १९७९ साली त्यांचा ग्रंथ निघाला. आवड ही शिक्षण आणि वडिलांचा व्यवसाय यांच्यामागोमाग चालते, असे त्यात दिसून आले.

एका वृद्ध स्त्रीच्या हातांचे छायाचित्र दाखविले असता कामगारांना त्या हातांचे कष्ट दिसले. वरच्या थरातील माणसे चित्रकलेच्या आठवणी आणि सौंदर्याच्या गोष्टी बोलू लागली. मग कामगार अरसिक होता काय? मुळीच नाही, त्याने ते हात ओळखले. ज्याला रोजची विवंचना आहे तो वस्तूचा अर्थ आधी पाहतो. ज्याला ती नाही त्याला नुसता आकार न्याहाळण्याची सवड असते. ही सवड घरातच बाळकडूसारखी मिळते, म्हणून ती शिकलेली वाटत नाही, उपजत वाटते. बूर्द्यू तिला सांस्कृतिक भांडवल म्हणतात. इतर भांडवलाप्रमाणे तेही वारसाहक्काने उतरते. फरक एवढाच की, त्यावर वारसाची नोंद नसते.

आपल्याकडे लावणीचे काय झाले ते पाहा. उत्तर पेशवाईत तिला दरबारचा आश्रय होता. पुढे इंग्रजी शिकलेल्या वर्गाने तिला असभ्य ठरविले. १९७२ साली ‘पिंजरा’ चित्रपट आला, तेव्हा मध्यमवर्गानेही ती टाळ्या वाजवून पाहिली. लावणी लावणीच राहिली. तिची जागा आणि पाहणारा बदलला. फडावर नाचणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला मात्र ती प्रतिष्ठा आली नाही.

कोणी म्हणेल, मग चांगलेवाईट काही उरलेच नाही! तसे नव्हे. सुरेल ते सुरेल आणि बेसूर ते बेसूरच. पण ते ऐकण्याचा कान तयार व्हावयास वेळ लागतो, शाळा लागते, पुन्हापुन्हा ऐकावे लागते. दार फुकट उघडून भागत नाही. युरोपातील संग्रहालयांच्या पाहणीत (१९६६) कामगार प्रेक्षकांना वाट दाखविणारे बाण आणि मार्गदर्शक हवेसे वाटले; सुशिक्षितांना ते खटकले. ज्याला वाट ठाऊक आहे त्याला पाटी नकोशी वाटणारच.

म्हणून कामाच्या तासांचा लढा हा केवळ पोटाचा लढा नव्हे. १९३६ साली फ्रान्सच्या कामगारांनी ४० तासांचा आठवडा आणि दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळविली; ती रसिकतेचीही पहिली पायरी होती. कामगार सभागृहाच्या दारातून बुजून परत फिरतो आणि ‘आपल्याला त्यातले कळत नाही’ म्हणतो, तेव्हा दुसऱ्यांनी केलेला अन्याय तो स्वतःचे वैगुण्य समजून घरी नेत असतो. ही लाज त्याच्या मनातून काढणे हे काम संघटनेचे आहे, तसेच व्याख्यानमालांचेही आहे.

गुळाच्या गोण्या ज्याच्या पाठीवर लादल्या, त्याला त्यातला खडा कधी दिला होता काय, हे आधी विचारावे. चवीची परीक्षा मग घ्यावी.