लुकलुकणारा प्रकाश आणि मेंदूचा ताल

व्होल्टेज कमी झाले की घरातील जुनी ट्यूबलाईट फडफडू लागते. मिरवणुकीत डीजेच्या गाडीवरील दिवे क्षणात पेटतात, क्षणात विझतात. रिद्धपूरहून अमरावतीकडे जाणाऱ्या एसटीत खिडकीशी बसले असता झाडांआडून येणारे कलते ऊन डोळ्यांवर उघडझाप करीत राहते. प्रकाशाच्या या लुकलुकीला आपला मेंदू कसा प्रतिसाद देतो, हे प्रत्येक पालकाने समजून घ्यावे असे आम्हांस वाटते. कारण काही मुलांच्या आरोग्याशी आणि सन्मानाशी त्याचा थेट संबंध आहे.

डोळ्याच्या पडद्यावर पडलेल्या प्रकाशाचे रूपांतर सूक्ष्म विद्युत-संदेशांत होते. हे संदेश थॅलॅमस नावाच्या मधल्या ठाण्यावरून डोक्याच्या मागील बाजूस असलेल्या दृष्टी-बाह्यकात, म्हणजेच व्हिज्युअल कॉर्टेक्समध्ये पोचतात. जर्मनीतील हान्स बर्गर यांनी १९२९ साली मानवी मेंदूतील विद्युत-लहरींची नोंद प्रसिद्ध केली. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या मेंदूत या लहरी सेकंदाला सुमारे १० असतात. पुढे १९३४ साली केंब्रिजच्या एड्रियन व मॅथ्यूज यांनी दाखवून दिले की, समोर लुकलुकता प्रकाश ठेवल्यास या लहरी त्याच्या तालावर चालू लागतात. डफड्याचा ठेका बदलताच लेझीमच्या पथकाची पावले बदलावीत, तसाच हा प्रकार.

लुकलुक फार जलद झाली, साधारणपणे सेकंदाला ५० ते ६० वेळांच्या पुढे गेली, की आपल्याला प्रकाश अखंड भासतो. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. त्यामुळे चोकवर चालणारी ट्यूबलाईट सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होते, तरी ते आपल्या ध्यानी येत नाही.

बहुतेकांना लुकलुकीने फार तर डोळे शिणल्यासारखे वाटते. मात्र काही थोड्या व्यक्तींच्या मेंदूत हा ताल आवरला जात नाही. तो पसरत जातो आणि फिट येते. यास प्रकाशसंवेदी अपस्मार म्हणतात. सुमारे ४००० जणांत एकाला तो असतो आणि बालवयात व किशोरवयात अधिक आढळतो. सेकंदाला १५ ते २५ वेळा होणारी लुकलुक सर्वांत घातक ठरते. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’ मालिकेतील एका प्रसंगात लाल व निळा प्रकाश सेकंदाला सुमारे १२ वेळा आलटूनपालटून झळकला आणि ६८५ जणांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यांत बहुतांश मुले होती.

आपल्या रस्त्यावरही असे घडू शकते. ताशी ५४ किलोमीटर वेगाने धावणारी बस सेकंदाला १५ मीटर पुढे जाते. पुलाच्या कठड्याचे खांब एकेका मीटरवर असतील आणि त्यांमागून सूर्य तळपत असेल, तर सेकंदाला नेमके १५ झोत डोळ्यांवर पडतात. अशा वेळी केवळ डोळे मिटून भागत नाही, कारण पापणीतूनही प्रकाश आत जातो. एक डोळा तळहाताने पूर्ण झाकावा आणि तोंड दुसरीकडे वळवावे.

फिट ही मेंदूतील विद्युत-व्यवहाराची तात्पुरती गडबड आहे. ती बाहेरची बाधा नाही, पूर्वजन्मीचे पाप नाही, स्पर्शाने पसरणारा रोगही नाही. तरीही आजही कोणी कांदा हुंगवतो, कोणी चप्पल नाकाशी धरतो, कोणी मांत्रिकाकडे नेतो. वस्तुतः करावयाचे थोडेच आहे. मुलाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ कापड ठेवावे, जवळच्या टणक वस्तू दूर कराव्यात आणि घड्याळ पाहावे. तोंडात चमचा किंवा पाणी घालू नये. हातपाय दाबून धरू नयेत. झटके ५ मिनिटांहून अधिक चालले तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

नियमित औषधाने १०० पैकी सुमारे ७० रुग्णांच्या फिट थांबू शकतात. ते औषध परस्पर बंद करू नये. लुकलुकत्या प्रकाशाने फिट येतात की काय, हे ईईजी तपासणीत कळू शकते. निवासी शाळेत मूल ठेवताना अनेक आईवडील लोकलज्जेपोटी हा आजार लपवितात. पालकांना आमची कळकळीची विनंती आहे की, प्रवेशाच्या दिवशीच तो गृहपालांना सांगावा आणि औषधाच्या वेळा लिहून द्याव्यात. रात्री वसतिगृहात त्या मुलाशेजारी निजणाऱ्या सोबत्यालाही काय करावे हे ठाऊक असले, म्हणजे मूल सुरक्षित राहील.