दारातल्या टबात कुमुदिनी

साताऱ्याजवळच्या कास पठारावर पावसाळा सरताना एक तळं पांढऱ्या फुलांनी भरून जातं. ती फुलं कुमुदिनीची. कमळाहून बरीच लहान, पाकळ्यांना लोकरीसारखी झालर आणि मध्ये पिवळा रंग. एक फूल एकच दिवस टिकतं, पण झुपक्यात पुढची कळी तयार असते. कास पठार २०१२ पासून जागतिक वारसा आहे, तिथलं पानही तोडायचं नाही. पण कुमुदिनी आपल्याकडच्या साध्या तळ्यांतही आढळते.

आमच्या गटानं ती दारात लावली, पण पहिल्या वर्षी चुकलो. टबात रोप सोडलं आणि निर्धास्त झालो. थोड्याच दिवसांत पाण्यात डासांच्या अळ्या वळवळायला लागल्या. गल्लीत तापाची साथ होती. आशाताईंनी टब रिकामा करायला लावला आणि ते बरोबरच होतं. साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो.

दुसऱ्या वर्षी आधी माशांची सोय केली. टबात चार-पाच गप्पी मासे सोडले, ते अळ्या खातात. आरोग्य उपकेंद्रात विचारलं तर मासे कुठे मिळतील ते कळतं. मात्र हे मासे बाहेरदेशातले आहेत, ते ओढ्यात-तळ्यात सोडू नका.

आता लावणी. पसरट टब घ्या. तळाशी वीतभर शेतातली चिकण माती घाला, वर वाळूचा थर द्या. ताजं शेण घालू नका, पाणी हिरवं होऊन कुजतं. वर वीत-दीड वीत पाणी ठेवा. दिवसातून पाच-सहा तास ऊन हवंच.

रोप उपटून आणायची गरज नाही. पानाच्या किंचित खाली, जिथून कळ्या फुटतात, तिथूनच नवी मुळंही फुटतात. तेवढ्या देठासकट एक पान विचारून घ्या आणि ते पेर चिखलात टेकवा. उन्हाळ्यात आटेल तेवढं पाणी घालत राहा, साबणाचं मात्र नको. जास्तीची रोपं मैत्रिणीला द्या.

जलपर्णी मात्र दिसायला कितीही सुंदर असली तरी लावू नका. ती दक्षिण अमेरिकेतली, आपली तळी गिळते.

शेवटचं आणि महत्त्वाचं. घरात रांगतं मूल असेल तर टबावर जाळी बसवा, नाहीतर टब ठेवूच नका. फूल पुढच्या वर्षीही लावता येईल.