नजरेचा हुन्नर : सपाट कापडात उठाव पाहा

१९९३ मध्ये अमेरिकेत 'मॅजिक आय' हे पुस्तक निघाले आणि चष्म्याशिवाय, नुसत्या डोळ्यांनी सपाट कागदात उठावदार चित्र पाहण्याचे वेड देशोदेशी पसरले. लोकांनी तो मुलांचा खेळ मानला. आम्ही मात्र म्हणतो की, हा हुन्नर कापडाच्या व्यापाऱ्याने व छपाई कारागिराने जरूर शिकावा.

याचे मूळच छापील नमुन्यात आहे. १८४४ मध्ये स्कॉटिश शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यांनी भिंतीवरच्या नक्षीदार कागदाकडे पाहताना ही गोष्ट हेरली. ठसा पुन्हा पुन्हा उमटलेला असला की एका डोळ्याने एक बुट्टी आणि दुसऱ्याने शेजारची बुट्टी पाहता येते. मेंदू दोन्ही एकच समजतो आणि नक्षी भिंतीच्या मागे गेलेली दिसते.

आता धंद्यातला उपयोग पाहा. ठसा एक मिलिमीटर उजवीकडे सरकला, तर एका बाजूचे अंतर वाढते, दुसऱ्या बाजूचे घटते. साध्या नजरेला हे कळत नाही. या नजरेला मात्र एक बुट्टी आत बुडालेली, तर शेजारची वर उठलेली दिसते. एखाद्या बुट्टीत रंग कमी बसला असेल, तर ती चमचमते.

कृती सोपी आहे. कापड टेबलावर ताणून, सुरकुत्या काढून पसरा. नाक कापडाजवळ नेऊन कापडापलीकडे दूर पाहत असल्यासारखी नजर सैल सोडा आणि हळूहळू मागे या. बुट्ट्या सरकून एकमेकींवर बसल्या की झाले. दोन बुट्ट्यांत तीन-चार सेंटिमीटर अंतर असावे. दोन डोळ्यांतले अंतर साधारण सहा सेंटिमीटर असते, त्याहून मोठा नमुना अशा नजरेत जुळत नाही. ठसा खाली-वर सरकल्याचा संशय असेल, तर कापड आडवे फिरवून पाहा.

मर्यादाही ध्यानात ठेवा. प्रत्येक ठशात तीच चूक असेल, तर ती दिसणार नाही. त्यासाठी मूळ नमुनाच शेजारी हवा. अख्खे थान असे तपासू नका, डोळे शिणतात.

तिरळेपणा असलेल्याला किंवा एक डोळा फार कमजोर असलेल्याला हा उठाव दिसत नाही. बराच सराव करूनही कारागिराला दिसेना, तर त्याला रागावण्याऐवजी त्याचे डोळे तपासून घ्या. कारागिराची नजर हेच त्याचे भांडवल आहे.