घरगुती स्पंज गाळणी (मत्स्यपेटी)

घरगुती स्पंज गाळणी हे मत्स्यपेटीतील, म्हणजेच फिश टँकमधील, पाणी माशांना राहण्याजोगे ठेवणारे साधन आहे. प्लास्टिकची बाटली, स्पंज, नळी आणि छोटा हवापंप एवढ्या साहित्यात ते घरी तयार करता येते. ‘गाळणी’ हा शब्द येथे काहीसा फसवा आहे. चहाच्या गाळणीप्रमाणे ती कचरा अडवते हे खरे. परंतु तिचे मुख्य काम स्पंजाच्या छिद्रांत वाढणारे जिवाणू करतात. नव्या पेटीतील पाणी काचेसारखे नितळ दिसत असतानाही मासे मरतात, ते हे जिवाणू नसल्यामुळे.

कार्य

मासे मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले खाद्य व विष्ठा कुजूनही तो तयार होतो. तळ्यात तो विरळ होतो, पेटीत मात्र साचतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण अल्प प्रमाणातही कल्ल्यांना इजा करतो. पाणी जितके उष्ण व अल्कधर्मी, तितका तो अधिक घातक ठरतो. नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही विषारीच असून त्यामुळे माशांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते. जिवाणूंचा दुसरा गट नायट्राइटचे तुलनेने सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतो. या दुसऱ्या टप्प्याचे श्रेय पूर्वी नायट्रोबॅक्टरला दिले जाई. गोड्या पाण्याच्या मत्स्यपेटीत ते काम प्रामुख्याने नायट्रोस्पायरा करतात, असे १९९० च्या दशकातील संशोधनातून दिसून आले. हे जिवाणू पाण्यात तरंगत राहण्यापेक्षा पृष्ठभागाला चिकटून वाढतात. स्पंजाच्या लहानशा तुकड्यात असा पृष्ठभाग भरपूर मिळतो.

बांधणी

अर्धा लिटरच्या बाटलीच्या वरच्या भागाला सर्व बाजूंनी छिद्रे पाडतात. बाटलीच्या तोंडातून तळापर्यंत पोहोचेल व वर पाण्याच्या पृष्ठभागाजवळ येईल अशी प्लास्टिकची नळी घेऊन तिच्या खालच्या टोकाला खाचा करतात. तळाशी वजनासाठी धुतलेले गोटे आणि त्यावर नळीभोवती स्पंज भरतात. स्पंज जाड छिद्रांचा व साबण, सुवास किंवा जंतुनाशक नसलेला असावा. भांडी घासण्याच्या काही स्पंजांत अशी द्रव्ये असतात, म्हणून ते टाळलेले बरे.

हवापंपाची बारीक नळी मोठ्या नळीतून खाली, खाचांच्या किंचित वरपर्यंत सोडतात. बुडबुड्यांमुळे नळीतील पाण्याचा स्तंभ हलका होऊन वर चढतो आणि त्याची जागा घेण्यासाठी पेटीतील पाणी छिद्रांतून स्पंजात शिरते. ओढ सौम्य असल्याने गप्पीची पिल्ले आत खेचली जात नाहीत. पंप पाण्याच्या पातळीहून उंच ठेवावा किंवा हवेच्या नळीत एकाच दिशेने हवा सोडणारी झडप बसवावी. अन्यथा वीज गेल्यावर पाणी उलटे वाहून पंपात शिरू शकते. भारनियमनाच्या भागात ही दक्षता विशेष आवश्यक आहे.

वापर व देखभाल

गाळणी बसवली म्हणजे ती लगेच कामाला लागली असे होत नाही. जिवाणूंची पुरेशी वाढ होण्यास साधारणतः ४ ते ६ आठवडे लागतात. या काळात मोजकेच मासे व थोडेच खाद्य ठेवून पाण्याचा काही भाग वारंवार बदलतात. निरोगी जुन्या पेटीतील वापरलेला स्पंज मिळाल्यास हा काळ बराच कमी होतो. अशा मळकट स्पंजाचे मोल नव्याकोऱ्या स्पंजाहून अधिक असते.

प्रवाह मंदावल्यावर स्पंज पेटीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळतात. तो नळाखाली चकचकीत धुणे ही सर्रास होणारी चूक आहे, कारण नळाच्या पाण्यातील क्लोरीन जिवाणूंना मारक ठरतो आणि पेटी पुन्हा पहिल्या आठवड्याच्या स्थितीला येते. गाळणी नायट्रेट काढत नाही. त्यासाठी पाणी अंशतः बदलत राहावे लागते.